मिक्सरला लॅपटॉप जोडला की गाण्यातला गळा का हरवतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या एकांकिकेचं संगीत तुम्ही लॅपटॉपवरून वाजवता. तालमीच्या हॉलमध्ये एक छोटा मिक्सर आहे. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटपासून मिक्सरच्या माइक इनपुटपर्यंत केबल तुम्ही स्वतः केलीत. एका टोकाला ईपी स्टिरिओ पिन (हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची), दुसऱ्या टोकाला कॅनन (माइकचा तीन पिनांचा गोल कनेक्टर, म्हणजे एक्सएलआर). हेडफोन पिनेची टिप कॅननच्या दोन नंबरला, रिंग तीनला, केबलची जाळी (आतल्या तारांभोवतीचं धातूचं आवरण) एकला. आता वाद्यं ऐकू येतात पण गाणारीचा आवाज पार आत कुठेतरी गेलाय, आणि लॅपटॉपचा चार्जर लावला की घूं असा हम सुरू होतो. मिक्सर बिघडलाय का, आणि भारीतली तयार केबल आणली तर दोन्ही तक्रारी जातील का, असं तुम्ही विचारलंय.

मिक्सर ठीक आहे. तुमचं सोल्डरिंगसुद्धा बहुधा ठीक आहे, कारण वायर कच्ची असती तर आवाज खरखरला असता, तुटक आला असता. इतक्या नेमकेपणाने फक्त गळाच गेला नसता. कोणती तार कशाला जोडायची हा हिशेबच चुकलाय. तोच हिशेब ठेवून कितीही भारी केबल आणलीत तरी निकाल हाच लागेल. हमचं दुखणं मात्र वेगळं आहे. दोन्ही एकाच केबलवर दिसतायत म्हणून ती एकच वाटतात.

आधी गळ्याचं बघू. ईपी स्टिरिओ पिनेवर तीन जागा असतात: टोकाची टिप, मधली रिंग आणि मागची स्लीव्ह. लॅपटॉप टिपवर डावा चॅनल देतो, रिंगवर उजवा, आणि स्लीव्ह दोघांची सामायिक ग्राउंड. म्हणजे दोन वेगळे सिग्नल. कॅननवरही तीनच पिना असतात, पण तिथे सिग्नल एकच असतो. दोन नंबरवर तो सरळ येतो, तीन नंबरवर उलटा, आणि एक नंबर जाळीचा. मिक्सरचं माइक इनपुट दोन नंबरमधून तीन नंबर वजा करतं. त्याचं कामच ते आहे.

तुमच्या केबलमुळे आता मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतोय. बहुतेक गाण्यांत मुख्य गळा मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही चॅनलवर सारखाच. सारख्यातून सारखं गेलं की शून्य उरतं. बेस आणि ढोलाचा ठोकाही सहसा मधेच असतो, त्यामुळे तोही पातळ होतो. उरतं ते फक्त दोन्हीकडे वेगवेगळं असलेलं: कडेची वाद्यं, आणि गळ्यामागची पसरट गूंज. तुम्ही लिहिलंय, ‘ती शेजारच्या खोलीत गातेय असं वाटतं.’ ते म्हणूनच.

खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. मोबाइलवर एखादा संवाद मोनोमध्ये रेकॉर्ड करा आणि तोच लॅपटॉपवरून याच केबलने वाजवा. मोनो आवाज डाव्या-उजव्या बाजूला तंतोतंत सारखा असतो, म्हणून तो जवळजवळ पूर्ण गप्प होईल. पिन सॉकेटमधून अर्धवट बाहेर ओढली तर गळा परत आल्यासारखाही वाटेल, कारण तेव्हा टिप-रिंगच्या जागा सरकतात. तशीच अर्धी ओढून वर चिकटपट्टी मारून अख्खा प्रयोग काढलेले मी पाहिलेत. कृपा करून तुम्ही तसं करू नका. मधल्या प्रसंगात ती पिन हलते, आणि तीसुद्धा नेमकी शांततेत.

मिक्सर ही वजाबाकी करतोच कशाला, हे कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं. माइकमधून निघणारा सिग्नल काही हजारांश व्होल्टचा असतो. तो वीस-तीस मीटर केबलमधून, दिव्यांच्या वायरींशेजारून, मिक्सरपर्यंत न्यायचा असतो. वाटेत विजेच्या लाइनचा ५० हर्ट्झचा त्रास दोन्ही तारांना लागतो. पण त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असल्यामुळे दोघींना तो सारखाच लागतो. मिक्सरने वजाबाकी केली की तो सारखा त्रास जातो, आणि मुळात सरळ-उलटा असा पाठवलेला आवाज तेवढा उरतो. यालाच बॅलन्स्ड जोडणी म्हणतात. त्रास घालवायची तीच युक्ती तुमच्या गाणारीवर चालली.

या धंद्यात मी बावीस वर्षं आहे, आणि नव्या मुलांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: पिन सॉकेटमध्ये बसली म्हणजे जोडणी जुळली असं नाही. तीन जागांची ती मोठी साडेसहा मिलिमीटरची पिनच बघा. हेडफोनला लावली तर ती डावा-उजवा असे दोन सिग्नल नेते. मिक्सरच्या लाइन इनपुटला (माइकपेक्षा मोठ्या सिग्नलसाठीच्या सॉकेटला) लावली तर तीच पिन एकाच सिग्नलचे प्लस-मायनस नेते. आणि मिक्सरच्या इन्सर्ट सॉकेटला (आवाजाच्या वाटेत मधेच बाहेरचं यंत्र जोडायच्या जागेला) लावली तर बहुतेक मिक्सरवर टिपमधून आवाज बाहेर जातो आणि रिंगमधून परत आत येतो. पिन तीच, कामं तीन. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने लॅपटॉपची स्टिरिओ केबल इन्सर्टमध्ये घातली होती आणि ‘ताई, फक्त उजवाच वाजतोय’ म्हणून तो अर्धा तास गाण्याची फाइल तपासत बसला होता. फाइल व्यवस्थित होती. डाव्याची टिप मिक्सरच्या आउटपुटवर जाऊन आदळत होती. म्हणून केबल करण्याआधी कागदावर दोन्ही टोकं काढायची आणि प्रत्येक जागेपुढे ‘इथे काय आहे’ ते लिहायचं. कनेक्टरचा विचार त्यानंतर.

आता उपाय. तो तुमच्या मिक्सरच्या पाठीवर कोणती सॉकेटं आहेत आणि मिक्सर लॅपटॉपपासून किती लांब आहे यावर ठरेल. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून तिन्ही शक्यता सांगते.

मिक्सर तुमच्या हाताशी असेल आणि त्यावर लाइन इनपुट असतील, तर सगळ्यात सरळ आणि स्वस्त मार्ग म्हणजे एक ईपी स्टिरिओ पिन आणि दोन मोनो पी-३८ (तीच साडेसहाची पिन, पण टिप आणि स्लीव्ह अशा दोनच जागांची). टिप एका पी-३८च्या टिपला, रिंग दुसऱ्या पी-३८च्या टिपला, ग्राउंड दोन्हींच्या स्लीव्हला. मोनो पिन बॅलन्स्ड सॉकेटमध्ये गेली की तिची लांब स्लीव्ह आतल्या रिंगच्या पत्तीलाही टेकते. त्यामुळे मायनस आपोआप ग्राउंडला लागतो आणि वजाबाकीत गमवायला काही उरत नाही. स्पीकर एकच असला तरी काळजी नको. डावा-उजवा एकत्र करणं मिक्सरच्या आत नीट होतं. फक्त एक पथ्य: ईपी स्टिरिओ ते साडेसहाची स्टिरिओ अशी तयार केबल आणून ती एकाच मोनो चॅनलला लावू नका. तीत पुन्हा हीच गफलत आहे. आणि ही केबल तीन मीटरच्या आत ठेवा. ती बॅलन्स्ड नाही, म्हणजे लांब गेली की वाटेतला कचरा उचलत जाते.

मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला असेल, किंवा विंगेतून मिक्सरपर्यंत फक्त कॅननच्या लाइनी असतील, तर डीआय बॉक्स घ्या, म्हणजे लॅपटॉपचा आवाज बॅलन्स्ड करून माइक केबलमधून पाठवणारी छोटी पेटी. आत ट्रान्सफॉर्मर असलेला, आणि जमलं तर दोन चॅनलचा. लॅपटॉपपासून बॉक्सपर्यंत वर सांगितलेली आखूड केबल, बॉक्सपासून मिक्सरपर्यंत साध्या माइक केबली. नाटकवाल्यांना मी नेहमी सांगते, एकदा पैसे जमवून चांगला डीआय घ्या आणि तो ग्रुपचा म्हणून ठेवा. पुण्यातलं भरत नाट्य मंदिर असो, सुदर्शन रंगमंच असो की कॉलेजचं सभागृह, प्रत्येक ठिकाणी मिक्सर वेगळा असणार, पण लॅपटॉप आणि मिक्सरमधला तुमचा दुवा तोच राहील.

तिसरी परिस्थिती म्हणजे एकच माइक चॅनल मोकळा आणि हातात पैसे नाहीत. तरीही डावा आणि उजवा नुसते पिळून एकत्र जोडायचे नाहीत. तसं केलं की लॅपटॉपचे दोन आउटपुट एकमेकांना ढकलत बसतात आणि आवाज फाटतो. प्रत्येक वाटेत एक किलोओमचा एकेक रेझिस्टर घाला. टिप रेझिस्टरमधून दोन नंबरला, रिंग दुसऱ्या रेझिस्टरमधून त्याच दोन नंबरला, ग्राउंड एक आणि तीन दोन्हीला. पाव वॉटचे दोन रेझिस्टर कॅननच्या पोटात आरामात मावतात. त्यांच्या पायांवर प्लास्टिकची बारीक नळी (तिलाही स्लीव्हच म्हणतात) चढवा, नाहीतर ते बॉडीला टेकतील. लॅपटॉपचा आवाज माइकच्या शेकडो पट मोठा असतो, तेव्हा गेन पूर्ण खाली आणून सुरुवात करा, आणि पॅडचं (आत येणारा सिग्नल कमी करणारं) बटण असेल तर दाबा.

या तिसऱ्या मार्गात एक धोका आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. कंडेन्सर माइकला चालायला वीज लागते, त्यासाठी मिक्सर माइक केबलमधूनच ४८ व्होल्टचा फँटम देतो. तो ६.८ किलोओमच्या रेझिस्टरांमधून दोन आणि तीन नंबरवर येतो. छोट्या मिक्सरवर बहुतेक वेळा सगळ्या माइक चॅनलना मिळून एकच बटण असतं. एकांकिकेत रंगमंचावर संवाद पकडायला कंडेन्सर टांगलेला असला, तर ते बटण चालू असणारच, आणि मग तेच ४८ व्होल्ट तुमच्या केबलमधून लॅपटॉपच्या हेडफोन आउटपुटवर जातील. करंट फार नसतो, पण ते आउटपुट असा दाब सोसायला केलेलं नसतं. काही सहन करतात, काही कायमचे मुके होतात. म्हणून रंगमंचावर कंडेन्सर असेल तर तिसरा मार्ग तुमच्यासाठी नाहीच. लाइन इनपुट वापरा किंवा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय. फँटम दोन आणि तीन नंबरवर सारखाच चढतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांत फरक पडत नाही आणि पलीकडे काहीच पोचत नाही.

आता हम. तुमचं वाक्य ‘चार्जर लावला की’ हेच अर्धं निदान आहे. चार्जर तीन पिनांचा असेल तर लॅपटॉपची ग्राउंड त्याच्या अर्थिंगला जोडलेली असू शकते. मिक्सरही तीन पिनांच्या प्लगचा असेल तर त्यातून अर्थिंगला जोडलेला असतो. आणि तुमच्या ऑडिओ केबलची जाळी त्या दोघांना जोडते. झालं एक बंद वर्तुळ. दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये जरासाही फरक असला की त्या वर्तुळातून करंट फिरतो, आणि तो फिरतो नेमका तुमच्या जाळीतून. अनबॅलन्स्ड केबलमध्ये जाळी हीच आवाजाची परतीची वाट असते, म्हणून तो करंट आवाजात मिसळतो. चार्जर दोन पिनांचा असेल तर प्रकार थोडा वेगळा असतो. त्यातल्या फिल्टर कपॅसिटरमधून थोडा करंट गळतो आणि हमपेक्षा झीं असा बारीक, टोचरा आवाज येतो. कान देऊन ऐकलं तर दोन्हींतला फरक लगेच कळतो.

पहिला उपाय फुकट आहे. एकांकिका तासाभराची असते, तेवढ्यात लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर नुसता बंद करून भागत नाही, तो लॅपटॉपमधून काढायचा, कारण बटण बंद केलं तरी अर्थिंगची वायर जोडलेलीच राहते. बॅटरी टिकत नसेल तर लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, म्हणजे अर्थिंगचा फरक बराच कमी होतो. तरीही राहिला तर पुन्हा डीआय, आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं (दोन्ही बाजूंच्या ग्राउंड वेगळ्या करणारं) बटण. ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्ही बाजू तारेने जोडलेल्या राहत नाहीत आणि वर्तुळ तुटतं.

प्लगची वरची जाड पिन काढून टाकणं हा उपाय नाही. तुम्हाला कोणीतरी तो सुचवेल. हम जातोही, म्हणूनच तो इतका पसरलाय. ती पिन इतर दोघींपेक्षा लांब असते, कारण प्लग घालताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. उपकरणात फॉल्ट आला तर २३० व्होल्टला जमिनीत जायला तीच एक सुरक्षित वाट आहे. ती पिन काढली की वाट उरते ती ऑडिओ केबलच्या जाळीतून, माइकच्या धातूच्या जाळीपर्यंत आणि तिथून गाणाऱ्याच्या ओठांपर्यंत. एका गणेशोत्सवाच्या मांडवात माइकला ओठ लागताच एक मुलगी झटकन मागे फेकली गेलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. तिला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून अर्थिंगची पिन नसलेला प्लग मी माझ्या बोर्डात लावू देत नाही, मग कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी चालेल.

तुम्ही स्वतः केबल करताय याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणून त्याबद्दलही थोडं. कॅननवरचे १, २, ३ हे आकडे आतल्या काळ्या प्लास्टिकवर कोरलेले असतात, इतके बारीक की मोबाइलचा टॉर्च तिरका धरल्याशिवाय दिसत नाहीत. दर वेळी ते वाचून मगच सोल्डर करा. मेल आणि फिमेल एकमेकींच्या आरशासारख्या असतात, त्यामुळे ‘डावीकडची एक नंबर’ असं लक्षात ठेवणारा हमखास चुकतो. सोल्डरिंगची इस्त्री हातात घ्यायच्या आधी मागची टोपी केबलमध्ये ओवून घ्या. बाहेरचं आवरण दोन सेंटिमीटर सोला, त्याहून जास्त नको. जाळी पिळून तिच्यावर बारीक स्लीव्ह चढवा. मग तारांच्या टोकांना आणि पिनांच्या वाट्यांना वेगवेगळा सोल्डर लावून घ्या. २५ वॉटची इस्त्री पुरते. वाटी तापवायची, सोल्डर आत वितळला की तार आत सोडायची, इस्त्री काढायची, आणि पाच सेकंद श्वास रोखून स्थिर राहायचं. ६०-४० सोल्डर असेल तर डाग चकचकीत दिसला पाहिजे. तो राखाडी आणि दाणेदार दिसला तर तार हललीय, पुन्हा तापवा. फार वेळ इस्त्री टेकवलीत तर तारेचं प्लास्टिक आक्रसून मागे सरकतं आणि आतल्या तारा एकमेकींना टेकतात. शेवटी मागची पकड बाहेरच्या जाड आवरणावरच बसली पाहिजे. ती आतल्या बारीक तारांवर बसली तर ती केबल महिनाभरात माझ्यासारख्या कोणाच्या तरी टेबलावर येते.

रंगांवर विश्वास ठेवू नका. माझ्याकडे लाल नेहमी दोनला आणि पांढरा तीनला, पण बाजारच्या केबलमध्ये काहीही असू शकतं. मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक ते एक, दोन ते दोन, तीन ते तीन वाजलं पाहिजे. एक-दोन, एक-तीन, दोन-तीन वाजता कामा नये. हे करताना दुसऱ्या हाताने केबल दोन्ही टोकांशी हलवत राहा. ही तपासणी सोडली तर काय होतं ते मी भोगलंय. एका तबल्याच्या बैठकीत डग्ग्याला एक आणि तबल्याला एक असे दोन माइक होते. प्रत्येक माइक एकेकटा सुंदर वाजत होता, पण दोन्ही फेडर वर नेले की डग्ग्याची घुमक खाली बसायची. मी बेस वाढवत गेले आणि आवाज नुसता गढूळ होत गेला. मध्यंतरात कळलं की माझ्याच एका केबलमध्ये दोन आणि तीन उलटे होते. डग्ग्याचा आवाज दोन्ही माइकमध्ये जात होता आणि एकात उलटा होऊन दुसऱ्याला खात होता. दोन नंबर प्लस हे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९९२ साली मानक म्हणून लिहून ठेवलंय. त्याआधीच्या काही यंत्रांत तीन नंबर प्लस असायचा, म्हणून कॉलेजच्या कपाटातलं जुनं काही बाहेर काढलंत तर त्याचं मॅन्युअल नक्की बघा.

सामान पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास मिळेल. तिथे कॅनन असंच मागा, एक्सएलआर म्हटलंत तरी कळतं. अमेरिकेतल्या कॅनन कंपनीच्या कनेक्टरवरून ते नाव पडलं आणि आपल्याकडे तेच टिकलं. कनेक्टर उघडून आतली पकड बघा, आकडे वाचता येतात का ते बघा. केबल मीटरवर घेताना टोक थोडं सोलून दाखवायला सांगा. जाळी विणलेली आणि दाट हवी. नुसती एका दिशेने गुंडाळलेली विरळ जाळी दोन-चार वेळा वाकली की फाकते आणि तिथून हम शिरतो. न उघडता येणारी, साच्यात ओतलेली पिन घेऊ नका, ती तुटली की फेकावीच लागते. स्पीकरची केबल माइकला किंवा माइकची स्पीकरला कधीच लावायची नाही, हेही जाता जाता सांगून ठेवते.

उद्याच्या तालमीत आधी मोनो संवादाची चाचणी करा, मग चार्जर काढून हम जातो का ते ऐका. त्यानंतर मिक्सरच्या सॉकेटांशेजारी जे छापलंय ते जसंच्या तसं इथे लिहा, आणि रंगमंचावर कंडेन्सर आहे की नाही तेही. तेवढं कळलं की तुमच्या मिक्सरसाठी कोणती पिन कशाला जोडायची ते मी नेमकं सांगेन. तोवर सध्याच्या केबलला कागदी टेप लावून त्यावर ‘चुकीची, वापरू नये’ असं लिहून ठेवा, म्हणजे घाईत दुसरं कोणी ती उचलणार नाही.